कालव्याचा खरा हिशेब मांडणारे धनंजयराव गाडगीळ

आमच्या पिढीत बँकेत नोकरी केलेल्या माणसाला ‘लीड बँक’ हे शब्द ठाऊक नाहीत असे होणार नाही. सरकारी खात्यात किंवा विद्यापीठात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ‘गाडगीळ फॉर्म्युला’ ऐकून माहीत असतो. या दोन्ही गोष्टींमागे एकच माणूस होता आणि तो नाशिकला जन्मलेला, नागपुरात वाढलेला, पुण्यात स्थिरावलेला मराठी माणूस होता, हे मात्र आता फारसे कुणाला आठवत नाही. त्या माणसाची उमेदीची पाच वर्षे आपल्या गुजरातेत, सुरतेला गेली, हे तर त्याहूनही कमी जणांना माहीत असेल. म्हणून आपल्या मंडळाच्या वाचकांसाठी डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्हाला वाटले.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. बालपण नागपुरात गेले. पुढे ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात शिकायला गेले. तेथे त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांची अलीकडच्या काळातील वाटचाल. हा प्रबंध १९२४ साली ऑक्सफर्डच्या प्रकाशनसंस्थेने पुस्तकरूपाने काढला. तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस होते. पुढे कित्येक वर्षे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे पुस्तक वाचावे लागत असे आणि त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

परत आल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. सरकारी नोकरीत ते रमले नाहीत. १९२५ साली ते सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य झाले. चोविसाव्या वर्षी प्राचार्यपद म्हणजे आजच्या हिशेबाने नवलच. पाच वर्षे त्यांनी ते सांभाळले.

१९३० साल त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. साताऱ्याचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी भारत सेवक समाजाला मोठी देणगी दिली आणि तिच्यातून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. नामदार गोखल्यांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेचे पहिले संचालक म्हणून धनंजयरावांना बोलावले गेले. तेव्हापासून १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, ते त्या जागी होते.

त्या काळी आपल्याकडे अर्थशास्त्र म्हणजे बहुधा पुस्तकातून शिकवायचा विषय होता. गावात प्रत्यक्ष जाऊन घरोघरी विचारपूस करावी, आकडे जमवावेत, ते पडताळावेत आणि मग बोलावे, ही रीत रुजलेली नव्हती. गोखले संस्थेने सुरुवातीपासून हीच रीत धरली. पहिले विषय पाहिले तर ते अगदी साधे वाटतात. पुण्याच्या बाजारात फळे कशी येतात आणि विकली जातात, याची पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांत मोटार बसची वाहतूक कशी चालते, याची पाहणी १९३५ साली आली. वाई तालुक्यातील शेतीच्या धंद्याची पाहणी १९४० साली आली. पुणे शहरातील कुटुंबांचे उत्पन्न, धंदे आणि राहणीमान यांची मोठी पाहणी तीसच्या दशकात झाली आणि तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली छापले गेले. याच शहराची फेरपाहणी पुढे संस्थेतल्याच अभ्यासकांनी केली आणि ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. एकदा मोजून थांबायचे नाही, काही वर्षांनी त्याच जागी परत जाऊन काय बदलले ते बघायचे, ही शिस्त यातून दिसते. दरवर्षी त्याच फॉर्मवर बॅलन्स शीट मांडणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना तिचे मोल लगेच कळते.

या सगळ्या कामांत आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांचे काम. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्याचे मोल कळायला थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल.

नाशिक-अहमदनगरकडचा तो भाग अवर्षणाचा. इंग्रज सरकारने तेथे कालवे काढले, प्रवरेवर भंडारदऱ्याला धरण बांधले. सरकारच्या दप्तरात अशा कामांचे दोन वर्ग होते. ज्या कामावर घातलेल्या भांडवलाचे व्याज पाणीपट्टीतून सुटते ते ‘उत्पादक’ आणि ज्यात ते सुटत नाही पण दुष्काळात लोकांचा जीव वाचतो ते ‘संरक्षक’. दख्खनच्या कालव्यांची गणना अर्थातच दुसऱ्या वर्गात. पाटबंधारे खात्याच्या खातेवहीत ते आतबट्ट्याचे ठरत होते. त्या वहीवर विसंबले, तर पुढे असे कालवे काढूच नयेत असा निष्कर्ष निघाला असता.

धनंजयरावांनी प्रश्नच वेगळा विचारला. कालव्यामुळे सरकारी तिजोरीत किती आले, एवढ्यावर न थांबता त्या मुलुखात एकंदर किती निर्माण झाले, हे त्यांना शोधायचे होते. जिरायत जमीन बागायत झाली तर शेतकऱ्याचे उत्पन्न किती वाढले? ऊस आला तर तोडणीला, गुऱ्हाळाला, कारखान्याला किती मजूर लागले? बाजाराच्या गावी व्यापार किती वाढला, गाड्या-मोटारी किती धावू लागल्या? सरकारला पाणीपट्टीखेरीज इतर करांच्या रूपाने काय मिळाले? यातले पहिले प्रत्यक्ष लाभ, नंतरचे अप्रत्यक्ष लाभ. हे सगळे मोजायचे तर कालव्याखालचा प्रदेश आणि त्याच्याच शेजारचा कोरडवाहू प्रदेश यांची तुलना करावी लागते, कारण कालवा आला नसता तर काय झाले असते, हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळणार?

वाचकहो, ऐकायला हे सोपे वाटते, पण यात खाचखळगे फार. कालवा नेहमी चांगल्या जमिनीतून, सोयीच्या उतारावरून जातो. म्हणजे तेथील शेतकरी कालव्याआधीही शेजाऱ्यापेक्षा बरा असू शकतो. मग आज दिसणारा सगळा फरक पाण्याचाच कसा म्हणायचा? शिवाय कारखान्यावर कामाला आलेला मजूर दुसऱ्या तालुक्यातून आला असेल, तर एका ठिकाणी वाढलेला रोजगार दुसरीकडून काढून घेतलेला असू शकतो. मूल्यमापनाचे शास्त्र आज जगभर शिकवले जाते, त्यात हेच प्रश्न सर्वांत आधी येतात. आपल्या देशात हे प्रश्न गंभीरपणे हाती घेणाऱ्या पहिल्या मोठ्या कामांत या पाहणीची गणना होते. स्वातंत्र्यानंतर नियोजन आयोगाच्या मदतीने देशातील निरनिराळ्या धरणांच्या लाभांचे अभ्यास झाले. ओरिसातील हिराकूड धरणाचा अभ्यास तर गोखले संस्थेच्याच नी. वि. सोवनी आणि नीळकंठ रथ यांनी केला.

अभ्यास करून धनंजयराव पुण्यात परतले आणि विषय संपला, असे झाले नाही. त्याच प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढण्यासाठी धडपडत होते. कालव्याचे पाणी शेतकऱ्याचे, ऊस शेतकऱ्याचा, पण नफा खाजगी कारखानदाराचा, ही गोष्ट त्यांना खुपत होती. धनंजयराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. केंब्रिजचा पदवीधर आणि लोणीचा अल्पशिक्षित शेतकरी अशी ही जोडी. वैकुंठभाई मेहतांसारख्या सहकाराच्या जाणकाराचे पाठबळही त्यांना लाभले. १९५० साली महाराष्ट्रातील या पहिल्या सहकारी साखर कारखान्यात गाळप सुरू झाले. पुढे महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले, त्यात राजकारण शिरले, बऱ्यावाईट अनेक गोष्टी झाल्या. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पण ज्या लाभाचे मोजमाप आपण केले तो लाभ कष्टकऱ्याच्या पदरात कसा पडेल, याची काळजी अभ्यासकानेच वाहावी, ही गोष्ट विरळा आहे.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. १९५१ साली रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. पाहणीच्या संचालन समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि सदस्यांत धनंजयराव होते. देशभरातून ७५ जिल्हे आणि त्यांतील ६०० गावे निवडली गेली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी आठ. सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची माहिती जमवली गेली. संगणक नव्हते, रस्ते नव्हते, बऱ्याच गावांत लिहिता येणारी माणसे मोजकीच. त्या परिस्थितीत हे काम कसे उरकले असेल याची कल्पना, ज्यांनी शाखेत हाताने लेजर ओढले आहेत त्यांना येईल.

१९५४ साली अहवाल आला आणि त्यातील आकड्यांनी सरकारचे डोळे उघडले. शेतकरी जे कर्ज काढत होता, त्यातील शंभर रुपयांपैकी सरकारकडून सव्वातीन रुपयांच्या आसपास, सहकारी सोसायट्यांकडून तीन रुपये दहा पैसे आणि व्यापारी बँकांकडून तर रुपयाही पुरता नाही, नव्वद पैसे. उलट धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून जवळजवळ सत्तर रुपये. बाकीचे नातेवाईक, जमीनदार, व्यापारी, अडते वगैरेंकडून. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला होता. अर्धशतकाच्या प्रयत्नांचे फळ शेकडा तीन!

कुणाही हिशेबनीसाने अशा आकड्यांवरून सहकार गुंडाळून टाका असे म्हटले असते. समितीने तसे म्हटले नाही. सहकार का फसला याची कारणे तिने शोधली. गावातील सोसायटी दुबळी, तिच्यावर सावकार-व्यापाऱ्यांचेच वर्चस्व, कर्ज आणि मालविक्री यांचा एकमेकांशी संबंध नाही, गोदामे नाहीत, शिकलेले कर्मचारी नाहीत. म्हणून समितीने सरकारने सोसायट्यांत भागीदार व्हावे, कर्जाची सांगड विक्रीशी घालावी, गोदामे बांधावीत, प्रशिक्षण द्यावे, अशी एकसंध योजना सुचवली. इम्पीरियल बँक सरकारने ताब्यात घ्यावी ही शिफारसही तिचीच. १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक जन्माला आली ती या पाहणीच्या पोटी. एखादी गोष्ट फसली आहे हे कळणे वेगळे आणि ती मुळात चुकीची होती की चुकीच्या रीतीने राबवली गेली हे कळणे वेगळे. हा फरक समितीने जपला.

याच सुमारास मूल्यमापनाला सरकारी मान्यताही मिळत होती. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली तेव्हाच तिच्या कामाची स्वतंत्र तपासणी करण्यासाठी नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली. तिचे पहिले संचालक पुण्याचेच प्रा. दत्तात्रय गोपाळ कर्वे. योजना राबवणाऱ्या खात्यानेच आपल्या कामाला गुण द्यायचे नाहीत, तपासणारा वेगळा हवा, हे त्यामागचे तत्त्व. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर कॅशियर आणि ऑडिटर एकच असून चालत नाही.

धनंजयरावांच्या संस्थेतही या दिशेने काम चालूच होते. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळ कायद्याचे प्रत्यक्षात काय झाले, याची पाहणी वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी केली आणि ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. कागदावर कुळांना संरक्षण मिळाले होते. गावात जाऊन पाहता अनेक कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनी सोडल्याच्या नोंदी सापडल्या आणि ती स्वखुशी किती खरी, असा प्रश्न उभा राहिला. दप्तर तपासून हे कधीच कळले नसते. पुढे दांडेकर संस्थेचे संचालक झाले आणि त्यांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली देशातील दारिद्र्यावर लिहिलेला ग्रंथ गाजला. धनंजयरावांनी लावलेल्या झाडाचीच ही फळे.

१९६६ साली ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. राज्यसभेवरही त्यांची नेमणूक झाली. त्याआधी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी आकडेवारीसह बाजू मांडली होती. मग १९६७ साली त्यांना दिल्लीला बोलावणे आले, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून. ज्या नियोजनावर आयुष्यभर टीका-टिप्पणी केली तेच चालवण्याची जबाबदारी अंगावर आली.

तेव्हा राज्यांना केंद्राकडून मिळणारी मदत ठरवण्याची पक्की रीत नव्हती. ज्याचे वजन जास्त, ज्याचा मुख्यमंत्री खमका, त्याच्या पदरात जास्त, असा समज होता. १९६९ साली राष्ट्रीय विकास परिषदेने मान्य केलेल्या गाडगीळ फॉर्म्युल्याने हे उघड आणि मोजता येण्याजोगे केले. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड यांची गरज आधी भागवायची. उरलेल्या मदतीतील ६० टक्के लोकसंख्येप्रमाणे, १० टक्के दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नाप्रमाणे, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीजप्रकल्पांसाठी आणि १० टक्के विशेष अडचणींसाठी. गरीब राज्यांना यात पुरेसे झुकते माप मिळाले नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि सूत्रात बदलही झाले. पण वाद घालायला सर्वांपुढे एक सूत्र आले, हाच मोठा फायदा. त्याआधी वाद बंद दाराआड चालत होता.

त्याच वर्षी १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०८ साली स्थापन केलेली बँक ऑफ बडोदाही त्यांत होती. बँका सरकारी झाल्या, पण त्या गावोगाव पोहोचायच्या कशा? धनंजयरावांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने उत्तर दिले की सगळा देश एकदम डोळ्यांपुढे न घेता प्रदेश घेऊन काम करा. जिल्हा हा घटक धरा आणि त्या जिल्ह्याची गरज काय ते आधी पाहा. बँक अधिकाऱ्यांच्या नरिमन समितीने याच दिशेने सूचना केल्या आणि डिसेंबर १९६९ मध्ये लीड बँक योजना सुरू झाली. प्रत्येक जिल्हा एकेका बँकेकडे सोपवला गेला आणि बँकांचे पहिले काम ठरले ते त्या जिल्ह्याची पाहणी. म्हणजे वाई तालुक्यात जे झाले, तेच आता देशाच्या जिल्ह्याजिल्ह्यांत व्हायचे होते.

योजनेचे पुढे काय झाले, याचे साक्षीदार आम्हीही आहोत. ज्या बँकेत आम्ही नोकरी केली तिथे तिमाही आढावा बैठकीत विचारले जाई की किती कर्जे मंजूर झाली, किती वाटली, उद्दिष्टाच्या किती टक्के काम झाले. म्हशीसाठी कर्ज दिले तर म्हशींची संख्या आणि रक्कम बिनचूक भरली जाई. त्या म्हशीने दूध दिले का, दुधाला गिऱ्हाईक मिळाले का, वर्षभराने त्या घरात दोन पैसे जास्त राहिले का, हे विचारणारा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. धनंजयरावांनी कालव्याबाबत जो प्रश्न विचारला तोच हा प्रश्न. दिले किती, हे खाते सांगते. झाले काय, हे बघायला दारात जावे लागते.

इतके मोठे काम करणारा हा माणूस घरी कसा होता? त्यांना पक्षी पाहण्याचा छंद होता आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्याशी त्यांची ओळख होती. ही निरीक्षणाची आवड त्यांच्या मुलात उतरली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ ते हेच. कन्या सुलभा ब्रह्मे यांनी अर्थशास्त्राची वाट धरली आणि गोरगरिबांच्या प्रश्नांवर आयुष्यभर लिहिले. गावात जाऊन पाहावे, मग बोलावे, ही वडिलांची रीत दोन्ही मुलांनी आपापल्या क्षेत्रात चालू ठेवली.

१९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन आयोगाची फेररचना झाली आणि धनंजयराव पदावरून मोकळे झाले. दिल्लीतले बिऱ्हाड आवरून ते पुण्याला निघाले. त्या रेल्वे प्रवासातच, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. वय सत्तर.

नियोजन आयोग आता राहिलेला नाही. कार्यक्रम मूल्यमापन संघटनाही २०१५ साली नव्या कार्यालयात विलीन झाली. सरकारी योजना मात्र दरवर्षी नव्या येतात आणि त्यांच्या जाहिरातीत वाटपाचे आकडे मोठ्या अक्षरात असतात. आपल्या मंडळातील तरुण मुलेमुली अर्थशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्र शिकत आहेत. त्यांनी गोदावरी-प्रवरा पाहणीचे ते जुने पुस्तक एकदा मिळवून जरूर वाचावे. आणि बडोद्याहून सुरत काही लांब नाही. तिकडे जाणे झाले तर एम. टी. बी. कॉलेजवरून जाताना एवढे आठवावे, की छत्तीस वर्षे गावोगावच्या पाहण्यांची शिस्त लावणारा माणूस त्याआधी पाच वर्षे इथे मुलांना शिकवत होता.